उन्हाळाच आहे, तहान लागायचीच!

आपल्या घरांत आजाराला त्याचे खरे नाव मिळण्याआधी एक घरगुती नाव मिळते. तहान वाढली की ‘उन्हाळाच आहे’. रात्रीतून चारदा उठावे लागले की ‘वय झालं’. वजन उतरले की ‘तब्येत कशी आटोपशीर झाली!’ मानेवरची कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली की ‘मळ’, आणि मग ती बेसन लावून घासायची. मधुमेह असल्या नावांनी घरात शिरतो आणि बिनबोभाट पंक्तीला बसतो.

माझे काका एस. टी.त कंडक्टर. अंगाने काटक, चहाखेरीज व्यसन नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना पाण्याची बाटली पुरेनाशी झाली. गाडी कुठल्याही स्थानकात शिरली की आधी ‘जाऊन यायचे’ आणि मग नळ गाठायचा. ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, गाडीपेक्षा तुमचंच रेडिएटर जास्त पाणी पितंय!” काकांना हा विनोद इतका आवडला की घरी येऊन त्यांनी तो साभिनय सांगितला. काकूने त्यांच्यासाठी कोकम सरबत केले, चांगली साखर घालून. तशातच नवी वहाण चावून पायाच्या अंगठ्याला जखम झाली; ती महिना उलटला तरी ओलीच. पण जखमेचा आणि तहानेचा काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी यावे?

ओळखले ते शिंप्याने! गणवेशाची पँट कमरेत आत घ्यायला काका दुसऱ्यांदा गेले, तेव्हा टेप गळ्यात टाकत तो म्हणाला, “कंडक्टरसाहेब, तीन महिन्यांत दोनदा कंबर उतरली. आमच्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी साखर तपासा, पँट मग बघू.” उपाशीपोटीची साखर निघाली २१४. निदानाला १२६ पुरते.

डॉक्टरांनी मग सगळे उलगडून सांगितले. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे लघवी आधी, तहान मागाहून. लोक नेमके उलटे धरून चालतात. साखर पेशींच्या कामी येत नाही, म्हणून भरपेट जेवूनही थकवा आणि वजनात घट. डोळ्यांतल्या भिंगाला सूज येऊन अंधूक दिसते, की आपण निघालो चष्म्याचा नंबर बदलायला!

चरकसंहितेत प्रमेहाची ‘पूर्वरूपे’ दिली आहेत: तोंडाला गोडी, घशाला कोरड, तहान, आळस, हातापायांना बधिरता आणि दाह, मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्या. संस्कृतच्या तासाला वाचावी अशी ही यादी आहे.

“पण ते तर काटकुळे!” असे नातेवाईक म्हणालेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! बारीक दिसणे ही आपल्याकडे हमी नव्हे. कित्येकांना तर वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रक्त तपासून घेणे बरे.

काकांची साखर आटोक्यात आली, जखमही भरली. अंगठा वाचला. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणून ते आता रोज रात्री तळवे आरशात पाहतात. पोरे हसतात, हसोत बापडी.

आपल्या वयाचे मात्र निराळे. तरुणपणी इन्शुलिनच बनेनासे झाले, तर सारे काही थोड्या दिवसांत, फार तर आठवड्यांत घडते. वसतिगृहात त्यालाही नाव तयार असते: परीक्षेचे टेन्शन. एखादा मित्र घागरभर पाणी पितो आहे, झपाट्याने वाळतो आहे आणि त्यात ओकाऱ्या, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, असे दिसले तर त्याला सरबत पाजत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यावे आणि दारातच सांगावे, “याची साखर आधी बघा.”