खिळाच बूच झालाय

तुमच्या गाडीच्या टायरमध्ये खिळा घुसलाय, पण हवा जात नाही, असं कधी झालंय? माझं झालं. कुरुममधल्या आमच्या इमारतीखाली गाडी पुसताना मागच्या डाव्या टायरमध्ये स्क्रूचं चकचकीत डोकं दिसलं.

महाराष्ट्रातून आलेल्या आई-बाबांना शुक्रवारी सूरला न्यायचं ठरलं होतं. समुद्राच्या कडेकडेने सुमारे 200 किलोमीटर, वाटेत बिम्माचा हिरवानिळा डोह. आता माझं पोटच मोजमापावर चालतं. पोस्टडॉक म्हणजे दिवसभर आकडे. तेव्हा टायरही मोजला. इथल्या उन्हात दुपारी टायर तापून दाब जास्त दिसतो, म्हणून चार दिवस पहाटे मोजला. चारही दिवस 33. स्क्रूवर साबणाचं पाणी ओतलं, एक बुडबुडा नाही. मी निकाल देऊन टाकला: काही झालेलं नाही, जाऊ या.

बाबा एसटीच्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होते. ते खाली आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हवा जात नाही कारण खिळाच बूच झालाय. भोक आहेच की!"

ट्यूबलेस टायरचं हे असंच असतं. आतला रबराचा थर खिळ्याला घट्ट धरून बसतो. पण 120 च्या वेगाने, तापलेल्या रस्त्यावर टायर सारखा दबतो, उसळतो. खिळा हलतो आणि भोक मोठं होतं. शिवाय तिथून पाणी शिरलं तर आतल्या पोलादी तारा गंजतात. घरी खिळा उपटून बघायचा मोह मात्र आवरा. दुकान गाठेपर्यंत तोच तुमचा आधार.

इकडे पंक्चरच्या दुकानाला 'बंशर' म्हणतात. अरबीत 'प' नाही, म्हणून पंक्चरचं बंशर. बाबांना हा शब्द फार आवडला. गुरुवारी संध्याकाळी तिथल्या मल्याळी कारागिराने पक्कड लावली, स्क्रू निघाला आणि फुस्स! त्याने टायर उतरवून आतून ठिगळ लावलं. "बाजूला घुसला असता तर टायरच टाकावा लागला असता," बाबा मला सांगत होते, जणू मी डेपोतली नवी शिकाऊ पोरगी.

रात्री बॅगा भरताना आई हळूच म्हणाली, "दोन महिने झाले, ह्यांनी बीपीची गोळी बंद केलीय."

मी मशीन लावलं. 172 वर 104.

"मला काही होत नाही," बाबा म्हणाले. "डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मग गोळी कशाला?"

स्क्रू मी उगाच खिशात घालून आणला होता. तो टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाबा, हवा जात नाहीये, एवढंच."

ते बराच वेळ त्या स्क्रूकडे बघत बसले. मग आईला म्हणाले, "पाणी आण."

शुक्रवारी आम्ही सूरला नाही, डॉक्टरकडे गेलो. सूर अजून राहिलंय. गोळी मात्र रोज सकाळी चहाआधी घेतली जाते, आणि घेतली की सांगलीहून मला एका शब्दाचा मेसेज येतो: "बंशर."