दर्यापूरची तैनाती

1 नोव्हेंबर 1956 रोजी वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात दाखल झाला, तेव्हा मी अमरावतीच्या एका कचेरीत नकलनवीस होतो. राजापेठेत, बडनेऱ्याकडून येणाऱ्या रेल्वेच्या फाटकाजवळ, आमचे बिऱ्हाड होते. वडील एका अडत्याकडे कापसाचा हिशेब लिहीत, आणि मुलाचे अक्षर चांगले आहे, तेव्हा यथाकाल तो शिरस्तेदार होईल, याहून निराळी आकांक्षा घरात कोणी बाळगली नव्हती, मीही नव्हती.

राज्य पालटल्याचा अर्थ कचेरीला हळूहळू उमगत गेला. नागपूरचे हुकूम थांबून मुंबईची परिपत्रके येऊ लागली, आणि 30 डिसेंबर 1958 ला विदर्भाचा नवा कुळकायदा अंमलात आला. शेतीच्या पट्ट्यांविषयीचा 1951 चा वऱ्हाडचा कायदा ज्यांना मुखोद्गत होता, ते आमचे जुने, व्यासंगी दफ्तरदारसुद्धा नव्या कलमांपुढे थबकले. अशा वेळी दर्यापूर तालुक्यात कुळांच्या प्रकरणांची चौकशी करणाऱ्या नायब तहसीलदारांबरोबर फिरतीवर राहील असा कारकून हवा, असे फर्मान आले. पगार तोच, भत्ता बेताचा, पावसाळ्यात रस्ते बंद. ज्येष्ठांनी आपापल्या अडचणी सांगितल्या, आणि प्रश्न फिरत फिरत माझ्यापाशी आला. उत्तराला संध्याकाळपर्यंत मुदत होती.

"तिकडे पाणी खारं असतं म्हणतात रे," एवढेच आई म्हणाली. मला मात्र त्या दुपारी एक गोष्ट स्पष्ट दिसली होती, आणि तीच पुढे माझ्या आयुष्याला कारण झाली: कायदा नवा असतो तेव्हा त्याच्यापुढे पंचवीस वर्षांची नोकरी झालेला आणि काल लागलेला, दोघेही एकाच पायरीवर उभे असतात, आणि ही समानता फार काळ टिकत नाही. मी होकार दिला.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून अचलपूरच्या चिमुकल्या, अरुंद रुळांच्या गाडीने दर्यापूरला उतरावे आणि तेथून बैलगाडीने गावोगाव जावे, असा क्रम सुरू झाला. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापसाला उदार, परंतु विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि पहिला पाऊस पडला की चिखल चाकाला सोडीत नाही. चावडीत सतरंजी अंथरून कचेरी भरे. ज्या मिसलींच्या नकला मी राजापेठेच्या खोलीत बसूनही कित्येकदा उतरविल्या होत्या, त्यांतली नावे येथे धोतराच्या सोग्याने घाम पुसत समोर येऊन बसली.

बयाने लिहिताना कळले, की पेरेपत्रकात वहिवाटदार म्हणून बहुधा मालकाचेच नाव असते, आणि कुळाचा हक्क उत्पन्न होऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी मक्त्याचे वावर दरसाल बदलून दिले जाते. सारेच मालक लबाड होते, असे मी म्हणणार नाही. वखर धरणारे घरात कोणी उरले नाही म्हणून वावर बटईने देणाऱ्या विधवाही त्यांत होत्या, आणि त्यांच्यासाठी कायद्याने वेगळी तरतूद ठेवली होती, ती योग्यच होती. परंतु ज्याच्यापाशी कागद नाही त्याचा कष्ट कोठे शोधावा, हा प्रश्न मला झोपू देईना.

एका गावी एक वृद्ध कूळ बराच वेळ निरुत्तर बसले होते. पावती नाही, करारनामा नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबू, वावर मालकाचं हाये, मी कुठं नाई म्हन्तो? पन धुऱ्यावरची बाभूय माह्या बापानं राखली, इतलं तं लिहून घ्या." आम्ही धुऱ्यावर गेलो. बाभळीखाली शेजारच्या शेतकऱ्यांना बोलावून मी विचारू लागलो: बैल कोणाचे, सरकी कोणी आणली, डवऱ्याचे फेर कोणी दिले, निघालेला कापूस कोणाच्या गाडीतून कोणत्या जिनात गेला? उत्तरे एकाला एक जुळत गेली. नायब तहसीलदार मध्ये पडले नाहीत. उलट त्यानंतरच्या प्रत्येक चौकशीत प्रश्नांचा मसुदा त्यांनी माझ्याकडून करून घेतला. त्या कुळाचा हक्क शाबीत झाला, आणि 1 एप्रिल 1961 पासून कायद्याने ज्या कुळांकडे मालकी आली, त्यांत त्याचेही नाव होते. ते नाव मी स्वतः लिहिले. माझ्या हातून लिहिली गेलेली ती नक्कल नसलेली अशी पहिली ओळ, असे मला आजही वाटते.

रात्री मुक्कामावर कंदिलापाशी मी कायदा वाची. लहानपणी घरात वऱ्हाडी बोललो की वडील टोकीत, तीच बोली आता माझे मुख्य साधन झाली होती. कायद्याचे संस्कृतप्रचुर कलम वावराच्या भाषेत उलगडून सांगणे आणि वावरातली साक्ष पुन्हा कलमाच्या भाषेत बसविणे, या दुहेरी अभ्यासाने माझी विचारशक्ती जितकी घडली, तितकी कोणत्याही शाळेने घडविली नसती. खात्याची परीक्षा उत्तीर्ण झालो, आणि पुढे नायब तहसीलदारीचा हुद्दा मिळाला.

15 ऑगस्ट 1967 ला महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता लागू झाली. त्यानंतर गावकामगारांच्या एका प्रशिक्षणवर्गाची जबाबदारी माझ्यावर सोपविण्यात आली, तेव्हा पहिल्या सकाळी मी फळ्यावर काहीच लिहिले नाही. सर्वांना जवळच्या एका वावरात नेले आणि तेथे डवरा धरलेल्या माणसाला त्याच्या चतुःसीमा विचारून घेण्यास सांगितले.