अण्णांची पेन्शन आणि बायकोचा करार

परवा टपरीवर एक गुरुजी भेटले. चहा यायच्या आत प्रश्न, "पत्रकारसाहेब, आठव्याचं काय? फिटमेंट किती बसणार?" शेजारी कांदा विकायला आलेले एक काका होते. ते म्हणाले, "भाव आमचा पडलाय अन् वाढ यांना पाहिजे." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी चहात लक्ष घातलं.

कारण सांगतो. माझे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. पाचव्या वेतन आयोगाने पगार वाढला, म्हणून माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमाची फी भरता आली. आज मी जाहिरातीच्या कमिशनवर जगतो. दिवाळीला बरं, एरवी रामभरोसे. घरातला किराणा अण्णांच्या पेन्शनमधून येतो. "फुकटचा पगार खाणारे बाबू" छापाच्या दोन-तीन पोस्ट मीही पूर्वी टाकल्यात. अण्णांनी वाचल्या होत्या. काही बोलले नाहीत.

सातव्या आयोगाने पगार अडीचपट केला, असं लोक आजही छातीठोक सांगतात. हिशेब बघा. केंद्रात सगळ्यात खालचा मूळ पगार ७,००० होता, तो २.५७ ने गुणून १८,००० झाला. पण त्या २.५७ मधले २.२५ म्हणजे जुना पगार आणि त्यावर आधीच मिळत असलेला १२५ टक्के महागाई भत्ता. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास. आपल्या राज्यात शिपायाची सुरुवात १५,००० पासून. वाढीव पगार प्रत्यक्ष सुरू झाला २०१९ च्या जानेवारीच्या पगारापासून, लागू मात्र २०१६ पासून. मधल्या तीन वर्षांची थकबाकी हप्त्याहप्त्याने.

त्यात दरवर्षीची वाढ ३ टक्के, सगळ्यांना सारखी. ऐकायला समान. १५,००० वाल्याला ४५०, लाखवाल्याला ३,०००. तेल दोघांना एकाच भावाने.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. माझी बायको सरकारी रुग्णालयात नर्स आहे. कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग परत नवा करार. असं नववं वर्ष. तिच्याच वॉर्डात कायम नोकरीतल्या सिस्टर आहेत. तीच नाईट, तेच सलाईन, तीच बाळंतपणं. पगारात निम्म्याहून जास्त फरक. तिला महागाई भत्ता नाही, पेन्शनचा तर विषयच नाही. समान कामाला समान वेतन, हे तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच पंजाबच्या प्रकरणात सांगितलंय. निकाल मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "प्रिंट काढून द्या, साहेबांच्या टेबलावर ठेवते." ठेवली नाही. करार संपत आला होता ना.

आठव्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. तो आला की राज्य आपली समिती नेमेल, संघटना निवेदनं देतील, मोर्चे निघतील, मी बातम्या करीन. गुरुजींना वाढ मिळावी, माझी हरकत नाही. शिपायाला तर मिळायलाच हवी. पण राज्याची समिती बसेल तेव्हा कंत्राटी, मानधनवाले, रोजंदारीवाले तिच्या कामकाजात असणार का, एवढंच आपल्या आमदारांना विचारायचंय. कायम संघटनांच्या निवेदनात ही मागणी असते, पण बहुतेक वेळा शेवटून दुसरी. मी बरीच निवेदनं छापलीत, म्हणून सांगतो.

काकांना मी त्या दिवशी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांची सून अंगणवाडीत मदतनीस आहे, हे उठताना त्यांनीच सांगितलं.

आज बायकोची नाईट आहे. करार या महिनाअखेरीला संपतोय, नव्या ऑर्डरचा अजून पत्ता नाही. डबा भरून ती आत्ताच गेली.