शंभर अक्षरांचा निरोप

रायपूरच्या गव्हर्नमेंट इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या आमच्या पिढीला मेनफ्रेमवर काम करायचं तर गाव सोडावंच लागे. वायटूकेची लाट आली तशी आम्ही काही मराठी पोरं गीतांजली पकडून मुंबईला गेलो. ते कॉलेज 2005 मध्ये एनआयटी झालं. आज माझा भाचा चौबे कॉलनीतल्या घरी बसून परदेशातल्या मेनफ्रेमवर जॉब पाठवतो.

तेव्हा कोबोल प्रोग्राम एकदा कंपाइल झाला की रोजच्या तारखेसाठी त्याला हात लावत नसत. तारीख जेसीएलच्या पार्ममधून जायची आणि पार्मची मर्यादा शंभर अक्षरं. मनीऑर्डरच्या कुपनावर मजकूर बसवावा तशी आम्ही तारीख, शाखा, चाचणीचा रन की खरा, हे सगळं त्यात बसवायचो. प्रोग्रामच्या हाती मजकुराआधी दोन बाइट पडायचे: पुढे किती अक्षरं आहेत, ती लांबी. लिंकेज सेक्शनमध्ये जागाही त्याच क्रमानं ठेवायची.

वायटूकेत तारीख सहा आकड्यांची आठ आकडी झाली. जेसीएल बदललं आणि प्रोग्राम जुनाच राहिला, तर 20000229 मधलं 200002 एवढंच आत शिरे: साल 20, महिना शून्य, तारीख दोन. आधी लांबी तपासणारा प्रोग्राम तिथंच थांबायचा. न तपासणारा बिनदिक्कत व्याज मोजत सुटायचा. ती तपासणी कुणीतरी वर्षांपूर्वी न सांगता लिहून ठेवलेली असे. त्या अनोळखी माणसांबद्दल मला आजही आदर आहे.

रेक्स स्क्रिप्टमधून प्रोग्राम चालवताना तर फारच जपावं लागे. लिंकएमव्हीएस वापरलं की लांबी आपोआप पुढे जोडली जाई. लिंकपीजीएम वापरलं तर नाही. मग तारखेतले पहिले दोन आकडेच प्रोग्राम लांबी म्हणून वाचायचा. असा घोळ झाला की डंपचा गठ्ठा टेबलावर पसरून चौघं-पाचजण वाकायचो. 0008 दिसलं की जीव भांड्यात पडे.

भाच्याला असं वाकायला शेजारी कुणी नसतं, याची मला रुखरुख वाटते. बाकी त्याची चैन आहे. जॉब तो पायथनमधून पाठवतो आणि 2013 पासून पार्मडीडी आल्यामुळे 32,760 बाइटपर्यंत मजकूर देता येतो.

परवा त्याचा फोन आला, "मामा, प्रोग्राम तारीख भलतीच वाचतोय."

"आधी लांबी बघ," मी म्हटलं. मग स्क्रीनवर डंप उघडून दोघांनी मिळून वाचला.