आंबट पाव आणि अक्काचे मत

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सान फ्रान्सिस्को शहराचे नाव काढले की समुद्राच्या मुखावरचा तो तांबडा गोल्डन गेट पूल डोळ्यांसमोर येतो. १९३७ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल आम्हीही पाहिला. परंतु वाचकहो, पुलाची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. आज सांगायचे आहे ते तेथील एका पावाविषयी, आणि किराणा दुकानात त्या पावाबद्दल गिऱ्हाइके काय बोलत होती त्याविषयी.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सोबत घेऊन तिच्या मुलाकडे गेलो होतो. भाचा फ्रीमाँट या गावी राहतो. सान फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे हे गाव. त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर किराणा मालाचे एक मोठे दुकान आहे. आपल्या वाण्यासारखे "काय देऊ?" म्हणून विचारणारे तेथे कोणी नाही. चाकांची गाडी ढकलत जायचे, आपल्या हाताने माल उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे.

त्या शनिवारी पावाच्या मांडणीजवळ दुकानातला एक कामगार पावाचे तुकडे कापून येणाऱ्या-जाणाऱ्याला चाखायला देत होता. पावाचे नाव सॉवरडो. सॉवर म्हणजे आंबट आणि डो म्हणजे भिजवलेले पीठ. वरून जाड, खरपूस, करड्या रंगाचे कवच. आत मोठमोठी छिद्रे. कामगार प्रत्येकाला विचारी, "कसा वाटला?" आम्ही बाजूला उभे राहून ऐकत होतो. कळेना ते भाचेसून समजावून सांगत होती.

कपड्यांवर सिमेंटचे डाग असलेला एक मेक्सिकन गवंडी म्हणाला, "डब्याला हा बरा. मऊ पावाचा दुपारपर्यंत लगदा होतो. याचा होत नाही." त्याने दोन पाव गाडीत टाकले.

एका चिनी आजीबाईने कवच बोटाने दाबून पाहिले. "चव चांगली आहे, पण माझ्या दातांना झेपणार नाही. सूपात बुडवून खाईन." तिने अर्धाच पाव मागितला. अर्धा मिळत नाही म्हटल्यावर ती निघून गेली.

दोन मुलांना सांभाळत आलेली एक तरुण आई हसून म्हणाली, "छिद्रेच फार! जॅम लावला की खालून गळतो. शिवाय पोरे कडा तशाच ताटात ठेवतात."

एक तरुण म्हणाला, "बेकरीतला दहा डॉलरला पडतो, हा पाच डॉलरला. घरभाडे भरून उरलेल्या पैशांत मला हाच परवडतो."

शेवटी एक वृद्ध गोरे गृहस्थ आले. जन्म सान फ्रान्सिस्कोचाच. त्यांनी तुकडा सावकाश चावला आणि मान हलवली. "हा सॉवरडो नव्हे. आंबटपणा जिभेवर आला आणि गेला. खऱ्याची चव मागाहून येते आणि राहते." मग त्यांनी चष्मा लावून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचली आणि पाव जागेवर ठेवून दिला.

कामगाराने अक्कापुढेही तुकडा धरला. अक्काने तो नाकाशी नेला आणि परत दिला. "हे आंबलंय. पैसे देऊन आंबलेलं कशाला खायचं?" एवढे बोलून ती पुढे चालू लागली. घरी पोचेपर्यंत ती गप्पच होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हाला शहरात नेले. रेल्वे खाडीच्या पाण्याखालच्या बोगद्यातून जाते. शहरात उतरल्यावर जुन्या पद्धतीची ट्राम लागते. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. येथे निरनिराळ्या शहरांतल्या जुन्या ट्राम दुरुस्त करून चालवतात. त्या ट्रामने आम्ही फिशरमन्स व्हार्फ या कोळ्यांच्या जुन्या धक्क्यावर पोचलो. तेथे बूदँ नावाच्या बेकरीची मोठी इमारत आहे. काचेतून पाव करणारे कामगार दिसतात. कासवाच्या आणि मगरीच्या आकाराचे पाव पाहायला मुलांची गर्दी असते. गोल पाव पोखरून त्यात शिंपल्यांचे दाट सूप भरून देतात. आम्ही तेही खाल्ले.

या पावाचा इतिहास कष्टकऱ्यांचा आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८४९ पासून जगभरातून माणसे तेथे लोटली. त्याच १८४९ साली फ्रान्सहून आलेल्या बूदँ कुटुंबाने ही बेकरी सुरू केली. तयार यीस्ट तेव्हा बाजारात मिळत नव्हते. पीठ व पाणी कालवून ठेवायचे, ते आपोआप आंबले की त्यातले थोडे नव्या पिठात मिसळायचे आणि थोडे उद्यासाठी राखायचे, अशी रीत होती. दुधाला विरजण लावावे तसेच हे. पुढे अलास्काकडे सोने शोधायला गेलेले लोकही हे आंबवण जपून बरोबर नेत. तिकडे जुन्या, मुरलेल्या माणसाला ‘सॉवरडो’ हेच नाव पडले. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा बूदँ घराण्यातील लुईझबाईंनी आंबवण बादलीत घालून वाचवले, असे बेकरीवाले सांगतात.

पावाच्या आंबटपणाचे कारण १९७१ साली उजेडात आले. खाडीपलीकडच्या ऑल्बनी येथील सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना या आंबवणात दोन प्रकारचे सूक्ष्म जीव सापडले. एक यीस्ट, जे पाव फुगवते. दुसरा जिवाणू, जो आम्ल तयार करतो. त्या जिवाणूला शहराचेच नाव देण्यात आले. पुढे तो इतर देशांच्या आंबवणांतही सापडला. गंमत अशी की पिठातली जी साखर हा जिवाणू खातो, तिला हे यीस्ट तोंड लावत नाही. आणि जिवाणूच्या ज्या आम्लात इतर पुष्कळ जंतू तग धरत नाहीत, त्यात हे यीस्ट सुखाने राहते. एकमेकांच्या ताटातले न ओढता दोघे एका घरात नांदतात. मात्र त्यांचे काम सावकाश चालते. पीठ कित्येक तास, बहुधा रात्रभर, ठेवावे लागते.

येथेच दुकानातल्या पावाचे कोडे सुटते. घरी आल्यावर भाचेसुनेने आदल्या दिवशी घेतलेले पाकीट वाचून दाखवले. खऱ्या सॉवरडोला पीठ, पाणी आणि मीठ एवढेच लागते. या पाकिटावर यीस्ट होते, साखर होती, तेल होते आणि व्हिनेगर होते. म्हणजे यीस्टने पाव झटपट फुगवायचा आणि आंबटपणा बाटलीतून ओतायचा! अमेरिकेच्या कायद्यात ‘सॉवरडो’ या शब्दाची वेगळी व्याख्या नाही, त्यामुळे असा पावही त्या नावाने विकता येतो. घटक मात्र वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात. त्या वृद्ध गृहस्थांच्या जिभेने जे सांगितले, तेच पाकिटाने सांगितले.

तरीही त्या तरुणाला आम्ही दोष देणार नाही. २०२४ साली कॅलिफोर्निया राज्याचे किमान वेतन तासाला १६ डॉलर होते. दुकानातला पाच डॉलरचा पाव म्हणजे सुमारे १९ मिनिटांची मजुरी, बेकरीतला दहा डॉलरचा म्हणजे ३७ मिनिटांहून जास्त. खाणीतल्या मजुराचा पाव आज मजुरालाच महाग झाला आहे. त्याच्या वाट्याला नाव तेच येते, रात्रभराचे आंबवणे तेवढे येत नाही.

रात्री जेवण झाल्यावर अक्का आपण होऊन बोलली. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळे. तिची भाकरी थापताना तुटायची. उन्हाने कालवण दुपारपर्यंत आंबून जायचे, पण टाकून द्यायची सोय नव्हती. "ते आंबलेलं नाक दाबून खाल्लं," ती म्हणाली. "आज पोराच्या घरी येऊनही तोच वास पुढं आला." भाच्याने मान खाली घातली. त्याला हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही म्हणालो, "अक्का, नासलेलं वेगळं आणि आंबवलेलं वेगळं. आई आंबील करायची, तीही आंबटच की!" अक्का काही बोलली नाही. पण झोपण्यापूर्वी तिने सुनेकडून ज्वारीचे पीठ मागून घेतले, पाण्यात कालवले आणि झाकून ओट्यावर ठेवले. सकाळी लसूण, जिरे, मीठ घालून आंबील शिजवली. भाच्याने दोन वाट्या घेतल्या आणि उरलेला सॉवरडोचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला.

माता-भगिनींनो, आता आपल्या मोठ्या शहरांतल्या दुकानांतही हा पाव दिसू लागला आहे. कोणी घेतलाच तर नावापेक्षा पाकिटाची मागची बाजू आधी पाहावी. तो गव्हाचाच पाव आहे, औषध नव्हे. गव्हाचे ज्यांना चालत नाही त्यांना हाही चालणार नाही. आणि घरात इडलीचे पीठ, आंबोळी किंवा आंबील होत असेल, तर हीच विद्या आपल्या चुलीवर आहे हे मुलांना जरूर सांगावे.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. तोच कामगार होता, आणि त्याने पुन्हा अक्कापुढे तुकडा धरला. या वेळी अक्काने तो खाल्ला. कामगाराने विचारले, "कसा वाटला?"

अक्का सुनेला म्हणाली, "बरा आहे म्हणावं. पण घाई झाली. पीठ रातभर ठेवायला सांग त्याला."

सुनेने तसे सांगितले. कामगार हसला आणि हळूच म्हणाला, "माझी आजीही हेच म्हणते."