काटा अर्ध्यावर

धारवाडच्या आमच्या घराच्या परसात पत्र्याच्या शेडखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. १९७९ सालची. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, वकिली जरा स्थिरावल्यावर नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी. म्हणून अण्णांना तिचे भारी कौतुक. तिचा मूळ आराखडा इटलीतल्या फियाटचा, ही गोष्ट ते सोयीने विसरत. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला, ती बातमी वाचून मी शेडमध्ये गेलो आणि उगाच तिच्या टपावर हात ठेवून आलो.

अण्णांना एक खोड होती. पेट्रोल भरले की एका लहानशा वहीत तारीख, लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर लिहायचे. समोर पेट्रोलचा काटा असताना ही वही कशाला, असे मी हसून विचारी. ते म्हणत, "एकच साक्षीदार असला की केस लंगडी पडते."

१९९८ च्या मे महिन्यात बेळगावला नात्यातले लग्न होते. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो आणि त्या महिन्यात गाडी माझ्याच हातात होती. वहीत अर्थातच काही लिहिले नव्हते. लग्न उरकून रात्री परत निघालो. कित्तूर मागे पडले. धारवाड अजून पंचवीस-तीस किलोमीटर असेल. गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

काटा अर्ध्यावर होता. मी काचेवर टिचक्या मारल्या, मग दोन थापडी मारल्या. काटा अर्ध्यावरच. टाकी अर्धी आहे म्हणजे दोष दुसरीकडे, असे धरून मी बॉनेट उघडले. प्लगच्या वायरी काढल्या, पुसल्या, बसवल्या. पेट्रोल पंपाशी झटापट केली. अर्धा तास गेला.

शेजारच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला, "भरल्यापासून किलोमीटर किती झाले रे?"

मला सांगता आले नाही. बॅटरीचा झोत त्यांच्याकडे वळवला, तर कपाळ घामाने डबडबलेले. आईने विचारले, तर म्हणाले, "बरं आहे मला. उकडतंय जरा."

त्यांना बरे नव्हते. एका लॉरीवाल्याने आम्हा तिघांना केबिनमध्ये घेतले आणि थेट दवाखान्याच्या दारात सोडले. हृदयविकाराचा झटका होता. छातीत तीन दिवसांपासून दाटत होते, हे अण्णांनी तिथे कबूल केले. लग्नघरात कशाला सांगायचे, म्हणून ते गप्प राहिले होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धा तास आधी यायला हवे होते." तो अर्धा तास मी प्लग पुसण्यात घालवला होता.

अण्णा वाचले, पण त्यांचे कोर्ट सुटले ते सुटलेच.

पंधरा दिवसांनी हुबळीहून एका मेस्त्रींना घरी बोलावले. मी तावातावाने म्हणालो, "हा मीटरच फेकून द्या. खोटारडा आहे." त्यांनी एक शब्द न बोलता टाकीवरच्या फ्लोटची वायर सोडवली आणि मला किल्ली फिरवून काट्याकडे बघायला सांगितले. काटा रिकाम्यावर पडला. मग त्यांनी ते टोक टाकीपासून लांब घेऊन क्षणभर बॉडीला टेकवले. काटा सरसर भरल्याकडे चढला. मेस्त्री हसले. "मुळ्ळु सुळ्ळु हेळूदिल्ल, सर." काटा खोटे बोलत नाही. काट्याला कन्नडात मुळ्ळु म्हणतात. पायात रुततो तोही मुळ्ळु आणि घड्याळात फिरतो तोही. मराठीतही तसेच, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

मग त्यांनी बॅटरीची वायर काढली, टाकी रिकामी केली, विडीवाल्या शेजाऱ्याला लांब पिटाळले आणि फ्लोट बाहेर काढला. टाकीतल्या पेट्रोलवर एक पोकळ गोळा तरंगतो. त्याच्या दांड्यामागे बारीक तारेचे वेटोळे असते. गोळा खालीवर झाला की त्या तारेचा रोध बदलतो आणि पुढे काटा हलतो. आमच्या गाडीतला दांडा गंजून मधोमध अडकला होता. टाकी भरो की संपो, फ्लोट एकच निरोप धाडत होता: अर्धी आहे. बिचारा काटा तेवढेच वाचून दाखवत होता.

दांडा साफ केला, नवे पॅकिंग घातले, टाकी भरली, तर काटा रिकाम्यावर! मेस्त्रींनी मान हलवली. "अर्थ इल्ल री." मराठी घेऊन एम.ए. झालेला मी क्षणभर गोंधळलो. अर्थ नाही म्हणजे काय? त्यांना म्हणायचे होते अर्थिंग. नव्या पॅकिंगमुळे आणि गंजलेल्या स्क्रूंमुळे फ्लोटचा गाडीच्या लोखंडाशी संबंध तुटला होता. एक वीतभर वायर जोडली, बॉडीवरचा रंग खरवडून स्क्रू आवळला, आणि काटा शहाण्यासारखा भरल्यावर जाऊन बसला.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा आणि चार्जिंगचा लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर सगळे ठीक आहे असे समजायचे नाही. बहुधा बल्ब गेलेला असतो.

खाटेवर पडल्या पडल्या अण्णा हे ऐकत होते. म्हणाले, "त्या रात्री गाडीचा काटाही अर्ध्यावर अडकला होता आणि माझाही." एवढे बोलून त्यांनी वही मागवली आणि आकडे माझ्याकडून लिहून घेतले.

आज मी मुख्याध्यापक आहे. तरुणपणी मी मुलांच्या पाठीतही थापडी मारल्या आहेत, हे लिहिताना लाज वाटते. गुण कमी पडले की मूल ढ, असे वाटे. आता आधी टाकीपर्यंत जातो. घरी मराठी, गल्लीत कन्नड, वर्गात इंग्रजी, अशा मुलाची वायर कुठे सुटली आहे ते बघतो. मला जास्त काळजी वाटते ती 'समजलं का?' म्हटल्यावर रोज मान डोलावणाऱ्या मुलाची. त्याला फळ्याजवळ बोलावून एक उदाहरण सोडवायला देतो.

अण्णा २००९ साली गेले. वही मी चालू ठेवली आहे. दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घालतो, किल्ली फिरवतो, लाल दिवे लागलेले बघतो आणि मगच स्टार्टर ओढतो.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. रविवारी रात्री त्याचा फोन येतो. "कसा आहेस?" म्हटले की उत्तर ठरलेले, "बरं आहे, अण्णा." आता तोही मला अण्णाच म्हणतो. पूर्वी मी तेवढ्यावर फोन ठेवत असे. आता विचारतो, "आज दुपारी काय जेवलास? आणि काल रात्री किती वाजता झोपलास?"

तो वैतागतो. पण सांगतो.