हरवलेला तिसरा भाग

चंडीगडच्या पोस्टिंगमध्ये बऱ्याच वर्षांनी संध्याकाळी घरी जेवायला मिळतंय. जेवणानंतर मी आणि लेक 'डॉक्टर हू' ही जुनी ब्रिटिश विज्ञानमालिका बघतो. १९६८ सालची 'द वेब ऑफ फिअर' ही तिची सहा भागांची कथा. लंडनच्या भुयारी रेल्वेत यंत्राचे यती शिरतात. बीबीसीने त्या काळच्या टेपा पुसून टाकल्या, त्यामुळे कित्येक वर्षं फक्त पहिला भाग शिल्लक होता. नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले चार भाग २०१३ साली पुन्हा लोकांसमोर आले. तिसरा मात्र अजून बेपत्ता आहे.

फौजी माणसाला नेमका तोच चुटपुट लावतो, कारण कर्नल लेथब्रिज-स्ट्युअर्ट त्याच भागात पहिल्यांदा समोर येतो. त्याचा आवाज तेवढा उरलाय, प्रेक्षकांनी घरी टेप करून ठेवलेला. चित्राच्या जागी स्थिर फोटो.

लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझं लहानपण असंच पाहिलंत ना?"

खरंय. तिचे पहिले बोल मी बर्फातल्या पोस्टवर फोनवर ऐकले. फोटो टपालाने नंतर आले. मंडळी, आपल्यातल्या बहुतेकांचा एखादा तरी भाग असा हरवलेला असतो. घरच्यांनी तो जपून ठेवला, म्हणून पुढची गोष्ट आपल्याला कळते.